वर्गात वाजणारी ‘टिंग’: मायक्रोसॉफ्ट टू डू, एका शिक्षिकेच्या हातात

पाटण तालुक्यातल्या डोंगरावर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पट २८, शिक्षक दोन. तिसरी-चौथी सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. गेल्या वर्षीपर्यंत माझी कामं तीन ठिकाणी राहायची: टाचणवहीच्या मागच्या पानावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि डोक्यात. डोक्यातली सगळ्यात आधी निसटायची. एका मुलाची यू-डायसमधली, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतली, जन्मतारीख दुरुस्त करायची होती. त्याच्या आईने दाखल्याची झेरॉक्स माझ्या हातात दिली, मी ती टाचणवहीत ठेवली आणि पान उलटलं. महिन्याभराने त्या माउलीला त्याच कामासाठी मजुरी बुडवून पुन्हा शाळेत यावं लागलं. चूक माझी होती. त्याच रात्री मी मायक्रोसॉफ्ट टू डू हे कामांची यादी ठेवायचं ॲप फोनवर घेतलं.

ॲप फुकट आहे, फक्त मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. शाळेत रेंज नसते, तरी काम लिहिता येतं, टिकही करता येतं. संध्याकाळी पाराजवळ रेंज आली की सगळं आपोआप जुळतं. आमच्याकडे ही गोष्ट पहिल्या क्रमांकाची.

मी सगळ्यात जास्त वापरते ते रोज फिरून येणारं काम. त्यात सोमवार ते शुक्रवार असा तयार पर्याय आहे, पण आमची शनिवारीही सकाळची शाळा असते. म्हणून आठवड्याचा पर्याय घेऊन सोमवार ते शनिवार असे सहा वार मी एकेक करून निवडले. ‘पोषण आहार’ या एका कामात चार पायऱ्या लिहिल्या आहेत: हजेरी मोजणे, तांदूळ काढून देणे, चव घेऊन रजिस्टरला नोंद, पोषण आहाराच्या सरकारी ॲपवर संख्या भरणे. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे २५ मुलं हजर असतील तर अडीच किलो. हिशोब सोपा आहे. पण दारात कोणाचे तरी वडील उभे असतात, पहिलीतलं एखादं रडत असतं, आणि त्या गडबडीत चव रजिस्टरची नोंद राहून जायची. आता ती पायरी मोकळी दिसली की मी स्वयंपाकघरातून बाहेरच पडत नाही.

दुसरी सोय ‘माय डे’ची. आजच्या दिवसाची ही यादी रात्री आपली आपण कोरी होते. सुरुवातीला मी घाबरले, वाटलं कामं गेली. गेलेली नसतात. ती आपापल्या मूळ यादीत असतात आणि सकाळी बल्बच्या खुणेवर बोट ठेवलं की कालची राहिलेली सुचवून दाखवतं. त्यातली कुठली आज घ्यायची ते आपण ठरवायचं. मी परिपाठाच्या आधी पाच मिनिटं पायरीवर बसते आणि सहाच कामं घेते. पहिलं काम नेहमी वर्गाचं: चिंचोक्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करणे, शब्दपट्ट्या कापणे, अमक्या दोघांचं वाचन ऐकणे. माहिती पाठवायची कामं त्याच्या खाली.

हा क्रम मी हट्टाने पाळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, त्यात पाठाची तयारीही मोजली आहे. माझ्या दिवसात मात्र त्या तयारीला जागाच उरत नव्हती. ग्रुपवर ‘दोनपर्यंत माहिती द्या’ असं आलं की हातातला खडू खाली जायचा. आता तो मेसेज मी यादीत टाकते, मधल्या सुट्टीची आठवण लावते आणि पुन्हा फळ्याकडे वळते. लिहून ठेवलं की मन मोकळं राहतं. याच एका गोष्टीसाठी मी हे ॲप दुसऱ्या शिक्षकांना सांगेन.

मतदार यादीचं काम माझ्याकडे आहे, त्याची यादी वेगळी ठेवली आहे. ती शनिवारी दुपारीच उघडते.

सरांसोबत एक सामाईक यादी केली आहे: शाळा व्यवस्थापन समितीची सभा, शिक्षण परिषद, संकलित चाचणीच्या नोंदी. सर आधी म्हणाले, “मॅडम, आपण समोरासमोर बसतो, यादी कशाला?” पण एकदा ते प्रशिक्षणाला गेलेले असताना सभेची सूचना कोणाकोणाला पोचली ते मला त्यांच्या टिकांवरूनच कळलं. तेव्हापासून तेच आधी टिक करतात.

काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. एका कामाला एकच आठवण लावता येते. शेवटच्या तारखेच्या कामाला मला दोन लागतात, म्हणून मी ते दोनदा लिहिते: एकदा ‘कागद गोळा करणे’, एकदा ‘भरणे’. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी रोजच्या कामांचं फिरणं हाताने काढून टाकायचं, नाहीतर पहिल्याच दिवशी जुन्या तारखेची कामं समोर उभी राहतात. मुलांची नावं मी त्यात लिहीत नाही, हजेरी क्रमांक लिहिते. फोन घरात चार हातांत फिरतो. आणि हजेरी, टाचण, रजिस्टरं कागदावर ठेवायची ती ठेवायचीच, त्यांची जागा हे ॲप घेत नाही.

काम टिक केलं की ‘टिंग’ वाजतं. मी तो आवाज बंद केलेला नाही. मुलं लगेच विचारतात, “बाई, काय झालं?” आणि मी सांगते.

दुसरीतल्या आठ क्रमांकाचं एक काम माझ्या यादीत बरेच दिवस होतं: हातच्याची वजाबाकी, काड्यांचा गठ्ठा सोडून. रोज सकाळी बल्बखाली ते दिसायचं आणि मी रोज घ्यायचे. ती मुलगी ४२ मधून १७ काढताना सातातून दोन काढून पाच लिहायची आणि पुढे चारातून एक. परवा गुरुवारी तिने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर सोडलं, दहा काड्या दोन सुट्या काड्यांत मिसळल्या, सात बाजूला केल्या आणि पाटीवर २५ लिहिले. मी तिच्याच हातात फोन दिला. टिक तिने केली.