टी कॉकटेल किट: डबा देखणा, चहा बरा, सिरप बेसिनमध्ये

सरळ सांगते, हे किट स्वतःच्या पैशाने घेऊ नका, पण कोणी गिफ्ट दिलं तर नक्की ठेवून घ्या. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण दिवाळीच्या आधी असे डबे विकणारे आता भरपूर झालेत आणि आतला माल बघितला तर सगळ्यांचा साधारण एकसारखाच असतो. अडीच हजारांच्या आसपास किंमत, त्यात चहाच्या सहा छोट्या डब्या (प्रत्येकी २० ग्रॅम), एक लेमन-हनी सिरपची बाटली, एक स्टीलचं जिगर (दारू मोजायचं छोटं माप), लांब दांड्याचा चमचा आणि रेसिपीचं कार्ड. दारू अर्थातच आपली आपण आणायची. डब्यावर २१+ छापलंय, ते महाराष्ट्रात बिअर-वाईनला चालतं, जिन-रमला आपल्याकडे २५ लागतात, पण ते असो.

खरा प्रॉब्लेम त्या कार्डाचा आहे. त्यावर लिहिलंय की चहा आठ मिनिटं उकळा, नाहीतर दारूत रात्रभर भिजत ठेवा. हे ज्याने लिहिलं त्याने ते पिऊन बघितलेलं नाही, पैज लावते. आपण घरी चहा खळखळून उकळतो ते चालतं कारण त्यात दूध पडतं, दुधातलं प्रोटीन चहाच्या तुरटपणाला धरून ठेवतं, म्हणून कडक चहासुद्धा घशाखाली जातो. कॉकटेलमध्ये दूध नाही, उलट लिंबू आहे, त्यामुळे जीभ पार खरखरीत होते. स्ट्राँग चहा पाहिजे असेल तर वेळ वाढवायची नाही, पत्ती वाढवायची, दीडशे मिली पाण्याला चारपाच ग्रॅम, तीन मिनिटं, गाळून मोकळं. बर्फ वितळून पातळ होणारच आहे हे धरून चालायचं. आणि दारूत भिजवायचं तर घड्याळ लावून, कारण अल्कोहोल तुरटपणा पण भराभर ओढून घेतं.

आता डब्यांकडे.

अर्ल ग्रे या किटमधला हिरो आहे, यात वादच नाही. बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल त्यात असतं, आणि जिनमध्ये मुळातच लिंबा-संत्र्याची साल बऱ्याचदा असते, त्यामुळे दोघांचं आधीपासून जमलेलं असतं. याचं जे प्रसिद्ध ड्रिंक आहे, अर्ल ग्रे मार्टीनी, ते न्यूयॉर्कच्या ऑड्री सॉन्डर्सचं. तिचा पेगू क्लब नावाचा बार होता, २००५ ला सुरू झाला आणि २०२० मध्ये बंद पडला. तिची पद्धत म्हणजे ७५० मिली जिनमध्ये पाव कप अर्ल ग्रे, साध्या रूम टेम्परेचरला दोन तास, मग गाळायचं. म्हणजे किटमधली अख्खी डबी एका बाटलीला जाते! मी म्हणेन अर्ध्या बाटलीवर अर्धी डबी टाका आणि एक तासानंतर चाखत राहा, कारण आपल्याकडच्या मे महिन्यातलं रूम टेम्परेचर म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. मग ४५ मिली ही जिन, त्याच्या निम्म्याहून जरा कमी-जास्त लिंबाचा रस, ३० मिली साखरेचा पाक आणि एका अंड्याचा पांढरा भाग, आधी बर्फाशिवाय आणि मग बर्फ घालून दणकून शेक. अंडं फेसासाठी असतं असं वाटतं पण ते तुरटपणा पण कमी करतं, दुधासारखंच. कच्चं अंडं नको असेल तर छोले शिजवून उरलेलं घट्टसर पाणी वापरा, फेस मस्त येतो, थोडा वास येतो पण शेवटी लिंबाची साल पिळली की कळत नाही. हे ड्रिंक पाहुण्यांना दिलं की पहिला प्रश्न येतो, यात चहा कुठला घातलास, आणि दुसरा, अजून आहे का.

(दरवेळी कोणीतरी लाँग आयलंड आईस्ड टीचा विषय काढतंच. त्यात चहाचा थेंब नसतो हो. व्होडका, जिन, रम, टकिला, ट्रिपल सेक (संत्र्याच्या चवीची गोड दारू), लिंबू आणि वरून कोला, रंग तेवढा चहाचा.)

दार्जिलिंगच्या डबीवर नुसतं दार्जिलिंग लिहिलंय, कुठला मळा, कुठला फ्लश (म्हणजे वर्षातली कितवी तोडणी), काही नाही. २००४ साली भारतात पहिला जीआय टॅग (त्या भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं असा शिक्का) मिळालेला चहा हा, निदान तेवढी तरी माहिती द्यायची! पत्ती बघून सेकंड फ्लश वाटला, आणि ते चांगलंच आहे. माझं ठाम मत, फर्स्ट फ्लशचा महागडा चहा जिनमध्ये घालणं म्हणजे पैसे वाया. त्याची चव इतकी नाजूक की लिंबू पडलं की ती गायब, मागे नुसता कडवटपणा उरतो. दार्जिलिंगला जोडीदार पाहिजे तो हलका. रात्रभर फ्रिजमध्ये गार पाण्यात भिजवून गाळलेला चहा, लिटरला साधारण २० ग्रॅम, तो ३०-४० मिली ग्लासात, एक चमचा पाक आणि वरून थंडगार नाशिकची स्पार्कलिंग वाईन. शेक नाही, कटकट नाही. सेकंड फ्लशला तो जो द्राक्षासारखा वास असतो तो वाईनबरोबर असा काही वर येतो की बास. कार्डवर या चहाबरोबर व्होडका आणि टॉनिक सांगितलंय, टॉनिकचं क्विनाईन आधीच कडू, त्यावर परत चहा, कशाला?

लॅपसांग सूशाँग म्हणजे चीनच्या फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगराकडचा, पाईनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा. डबी उघडली की गावाकडच्या अंघोळीच्या बंबाचा वास. घरातल्या निम्म्या लोकांनी नाक मुरडलं आणि बाकीच्यांना एकदम भारी वाटला. याचा अख्खा चहा ग्लासात ओतायचा नाहीच, पाकात थोडी पत्ती पाच मिनिटं भिजवून गाळायची आणि तो पाक साध्या ब्लेंडेड व्हिस्कीत एक छोटा चमचा, वर बिटर्सचे (मसाल्या-मुळ्यांचा कडू अर्क) दोन थेंब असतील तर. स्वस्तातल्या व्हिस्कीला जरा धुराची चव येते. वीस ग्रॅम वर्षभर पुरेल.

ब्लू टी म्हणजे आपली गोकर्णाची फुलं हो! वाळवून डबीत भरली की एवढे पैसे. चवीला जवळजवळ काही नाही, रंग मात्र गडद निळा आणि लिंबू पिळलं की जांभळा-गुलाबी होतो, आंबटामुळे रंग बदलणारं द्रव्य असतं त्यात. फोटोसाठी ठीक. शेजाऱ्यांच्या कंपाउंडवर वेल असेल तर पाचसहा ताजी फुलं गरम पाण्यात टाका, तेच काम फुकटात.

हिबिस्कसच्या डबीवर जास्वंदीचं चित्र छापलंय, आत आहे लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्या. कार्डवर याच्याबरोबर रम सांगितलीये, ती काही विशेष लागली नाही. पण घरात गोव्याहून आणलेली काजू फेणी पडून होती, जिचा वास सगळ्यांना झेपत नाही (२००९ पासून जीआय वगैरे सगळं खरं, पण वास तो वासच), आणि अंबाडीचा आंबटपणा तिला बरोबर आवरतो. ४५ मिली फेणी, तेवढाच गार केलेला घट्ट अंबाडीचा चहा, पाक, चिमूटभर मीठ, सोडा, आणि हिरवी मिरची उभी चिरून. अंबाडी मुळातच आंबट म्हणून लिंबू घालायचं नाही. या डब्यातलं अर्ल ग्रेनंतरचं सगळ्यात चांगलं ड्रिंक हेच आणि कार्डवर त्याचं नावही नाही.

राहिला आसाम. कार्डनुसार बनवला तर सगळ्यात वाईट, कारण स्ट्राँग आसाम फ्रिजमध्ये गार केला की गढूळ होतो, कॅफीन आणि टॅनिन एकमेकांना चिकटतात म्हणून, खराब झालेला नसतो पण दिसायला गटाराचं पाणी. याला उपाय म्हणजे मिल्क पंच, अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हे जोरात चालायचं. दोनशे मिली डार्क रम, दोनशे मिली कडक आसाम, ६० मिली लिंबू, ६० मिली पाक, हे सगळं एकत्र करून एका पातेल्यातल्या सव्वाशे-दीडशे मिली फुल क्रीम दुधावर हळू ओतायचं. उलट नाही, दूध यात ओतायचं नाही. दूध फाटतं, पनीरसारखे कण होतात, ते तासभर तसंच ठेवून सुती पंचातून गाळायचं. पहिलं गाळलेलं गढूळ येतं, ते परत त्याच चोथ्यावर ओतायचं, मग थेंब थेंब स्वच्छ सोनेरी पाणी पडायला लागतं, घाई करून पंचा पिळायचा नाही. तुरटपणा सगळा चोथ्यात अडकतो आणि उरतं ते इतकं गुळगुळीत की यात लिंबू आणि कडक चहा आहे यावर विश्वास बसत नाही. आणि यासाठी भारी आसाम लागतच नाही, घरातली नेहमीची सीटीसी पावडर चालते, फक्त दाणे बारीक असल्याने चहा पटकन उतरतो, दोन मिनिटं पुरे. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की आठवडाभर आरामात टिकतं. रात्री उशिरा मात्र जपून, चहा तो चहाच, दोन वाजता टक्क जागे राहाल.

सिरपबद्दल काय सांगू, हनी नावाला, बाकी साखर आणि इसेन्स, औषधाच्या दुकानातल्या कफ सिरपच्या जवळचं. ओतून दिलं, बाटली धुवून ठेवली. जिगर चांगलं जड आहे, ३० आणि ६० च्या खुणा बरोबर निघाल्या.

किटमध्ये निलगिरी नाही याचं जास्त वाईट वाटलं. गार केल्यावर फारसा गढूळ न होणारा, स्वस्त, व्होडका-लिंबू-पुदिन्यात चपखल बसणारा चहा, आणि तोच वगळलाय. गवती चहा पण नाही, जो भाजीवाल्याकडे जुडीने मिळतो आणि बिनधास्त उकळला तरी तुरट होत नाही. अडीच हजारात तुम्ही शंभर ग्रॅम अर्ल ग्रे, पाव किलो निलगिरी, अंबाडीचं एक पाकीट आणि वर एखादी बऱ्यापैकी जिन आणू शकता. न पिणाऱ्यांना अंबाडीच्या त्याच ड्रिंकमधली फेणी काढून आल्याचा रस घालून द्या, आमच्याकडे तो जग सगळ्यात आधी संपतो.