एसयू-टू : सोलापुरात बसून विमानाच्या पंखावरचा शॉक बघायचा असेल तर हेच घ्या

मेकॅनिकलच्या फायनल इयरच्या पोरांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून आपल्या सोलापुरात विमानावर प्रोजेक्ट करायची हौस लई वाढलीय आणि प्रत्येकाचा प्रश्न तोच, सर, पंखावरचा शॉक (म्हणजे हवेचं प्रेशर जिथं एका झटक्यात वाढतं ती जागा) दाखवायचाय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ. (ते गोव्याचं एटीआर पंख्यावर चालणारं आहे, ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, त्याच्या पंखावर शॉक येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. शॉक येतो मोठ्या जेटच्या पंखावर, मॅक ०.७ च्या, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.७ पटीच्या, वरच्या स्पीडला.)

तर एसयू-टू, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत तयार झालं, २०१२ साली सगळ्यांसाठी खुलं केलं, ओपन सोर्स आहे, एक रुपया लागत नाही. महागडं लायसन आपल्याकडच्या पोरांना परवडत नाही आणि क्रॅक वापरायची गरजच राहत नाही. माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं येतंच.

आधी सांगतो की यात बटणं-बिटणं काही नाहीत. एक साधी टेक्स्ट फाइल असते, तिच्यात मॅक नंबर, अँगल (हवेशी पंखाचा कोन), रेनॉल्ड्स नंबर (हवेचा जोर तिच्या चिकटपणाच्या किती पट ते) लिहायचा आणि रन मारायचा, चित्रं बघायला पॅराव्ह्यू वेगळं घ्यायचं, तेही फुकट. पोरं इथंच घाबरतात, पण मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, कारण टर्ब्युलन्स मॉडेल (हवेतल्या भोवऱ्यांचा हिशोब धरायची सूत्रं) बदलायचं म्हणजे त्या फाइलमधली एक ओळ बदलायची, स्पालार्ट-ऑलमारस मॉडेलच्या जागी एसएसटी मॉडेल लिहिलं की झालं, मेश (गणितासाठी हवेत पाडलेलं बारीक चौकटींचं जाळं) तीच, बाकी सगळं तेच, म्हणजे उत्तरात जो फरक पडतो तो मॉडेलचाच हे छातीठोक सांगता येतं.

आणि या विषयात सगळा खेळ मॉडेलचाच आहे. पंखाच्या वरच्या बाजूला हवा आवाजापेक्षा जोरात पळते आणि शॉकपाशी एकदम मंदावते, प्रेशर एका झटक्यात वाढतं. वरच्या हवेत जोर असतो, ती निभावून नेते, पण पंखाला चिकटून सरकणारा जो पातळ थर असतो, बाउंड्री लेयर, त्याच्यात आधीच दम नसतो, चढ लागल्यावर लोड भरलेली सायकल थांबते तसा तो थांबतो, फुगतो, आणि शॉक जास्त जोराचा असेल तर सुटूनच जातो. शॉकच्या आधीचा मॅक साधारण १.३ च्या वर गेला की हा धोका सुरू झाला समजा. थर सुटला की शॉक पुढं सरकतो, लिफ्ट (पंखाला वर उचलणारा जोर) पडते, आणखी पुढं गेलं की शॉक मागं-पुढं हलायला लागतो, त्याला बफे म्हणतात, अख्खा पंख थरथरतो.

सुरुवात आरएई २८२२ या एअरफॉइलनं (पंखाच्या छेदाचा आकार) करा, १९७९ च्या विंड टनेल (हवेच्या बोगद्यातल्या प्रयोगांच्या) रिपोर्टमध्ये त्याचे आकडे आहेत आणि एसयू-टूच्या ट्युटोरियलमध्ये मेशसकट तयार मिळतो. त्या रिपोर्टमधली केस ९ म्हणजे मॅक ०.७३, रेनॉल्ड्स ६५ लाख. इथं एक मेख आहे बघा. टनेलमध्ये अँगल ३.१९ डिग्री होता, पण टनेलच्या भिंतींचा परिणाम काढून टाकल्यावर मोकळ्या हवेतल्या गणितासाठी तो २.३१ च्या आसपास धरतात. डायरेक्ट ३.१९ टाकला तर शॉक जुळणार नाही आणि दोष बिचाऱ्या मॉडेलवर जाईल. अँगल बरोबर धरला की दोन्ही मॉडेलं प्रेशरचा ग्राफ छान जुळवून देतात, बघून समाधान वाटतं.

मग केस १० घ्या, मॅक ०.७५. शॉक जास्त जोराचा, थर सुटायला आलेला, आणि इथं खरी परीक्षा. जुनी के-एप्सिलॉनसारखी मॉडेलं थराला आहे त्यापेक्षा जास्त दमदार समजतात, म्हणून शॉक प्रयोगापेक्षा मागं दाखवतात. मेंटर नावाच्या संशोधकानं १९९४ मध्ये एसएसटी आणलं ते हेच सुधारायला, त्यात शिअर स्ट्रेस (हवेच्या थरांमधला घासण्याचा ताण) टर्ब्युलन्सच्या एनर्जीच्या ०.३१ पटीच्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळं थर सुटायचा तेव्हा सुटतो. तरी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. माझा कापलेला अर्धा स्टार इथला आहे, आणि तो एसयू-टूचा दोष नाही, कुठलंही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी आत हीच मॉडेलं बसलीत. ही सगळी सरासरी काढणारी मॉडेलं, आणि सुटलेल्या थराजवळचा शॉक तर स्वतःच हळूहळू डोलत असतो, थरातल्या भोवऱ्यांच्या मानानं शंभरएक पट संथ. ते डोलणं स्थिर गणितात दिसणारच नाही. म्हणून रंगीत चित्र छान आलं एवढ्यावर व्हायव्हाला जाऊ नका ओ, प्रयोगाचे ठिपके ग्राफवर टाकून मगच बोला, आणि दोन मॉडेलांची उत्तरं वेगळी आली तर ती लपवू नका, रिपोर्टमधला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

मेश स्वतः बनवणार असाल तर पंखालगतचा मेशचा पहिला थर वाय-प्लस (पंखापासूनचं अंतर मोजायचा आकडा) १ च्या आसपास ठेवा, यात कंजूषी केली तर कुठलंही मॉडेल वाचवू शकत नाही. टू-डीला साधा लॅपटॉप पुरतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा लॅपटॉप तापून संथ होतो, मोठे रन रात्री लावा. लाइट जायची भीती असेल तर रिस्टार्ट फाइल अधूनमधून सेव्ह होईल असं सेटिंग आधीच करून ठेवा, म्हणजे लाइट आल्यावर जिथं थांबलं होतं तिथनं पुढं चालू करता येतं. केस ९ जुळल्याशिवाय थ्री-डीचा ओनेरा एम६ पंख हातात घेऊ नका, तो मॅक ०.८४ चा आहे, त्याच्यावर दोन शॉक येऊन टोकाकडं एकमेकांना मिळतात, भन्नाट दिसतं, पण त्याला कॉलेजच्या लॅबमधलं जास्त रॅमचं मशीन मागून घ्या.