जुने प्रीफॅब खुराडे: छप्पर टिकले, पेटीच्या बिजागरीने छळले

सेकंडहँड घेतलेले लाकडी प्रीफॅब, म्हणजे कारखान्यातले तयार भाग जोडून उभे करायचे, कोंबड्यांचे खुराडे वापरून सगळे ऋतू पाहून झाले. मॉडेल नेहमीचेच आहे: फळ्यांच्या भिंती, खाली सरकता पत्र्याचा ट्रे, बाजूला अंड्यांची पेटी, पुढे जाळीचा पिंजरा. हे सगळ्यांनी पाहिलेले असते, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. मला लिहायचे आहे ते मुख्यतः पेटीच्या झाकणाबद्दल.

या खुराड्यात पाणी छपरातून येत नाही, झाकणाच्या बिजागरीतून येते. झाकणाला बाहेरच्या बाजूला चांगला उतार आहे, त्यामुळे बघणाऱ्याला शंकाही येत नाही. पण झाकणाची वरची कड आणि भिंत यांच्यात पेन्सिल जाईल एवढी फट आहे आणि ती पूर्ण उघडी आहे. तिरपा पाऊस भिंतीवर आपटला की ओघळ सरळ त्या फटीत उतरतो. खाली गवत, गवतात अंडी. ओल्या, घाणीने माखलेल्या अंड्याच्या कवचावरचा नैसर्गिक लेप निघतो आणि कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून जंतूंना वाट मिळते. ओल्या गवताला बुरशी येते, आणि ती बुरशी कोंबड्यांच्या श्वासात गेली की फुप्फुसे बिघडतात. अंडी कोरडी राहावीत म्हणूनच तर पेटी असते. तेवढे एक काम तिला जमू नये, याचा मला आजही संताप येतो.

बनवणाऱ्या कंपनीला सुटे झाकण मागितले. उत्तर आले, मॉडेल बंद झाले, सुटे भाग मिळणार नाहीत, नवीन खुराडे घ्या. एका फळीपायी अख्खे खुराडे! बाकी सांगाडा धडधाकट असताना ते मोडीत काढणे माझ्या तत्त्वात बसत नाही.

फटीत सिलिकॉन भरा, असा सल्ला हमखास मिळतो. या जागी तो कामाचा नाही. झाकण रोज उघडायचे असते, त्यामुळे सांधा रोज हलतो आणि सिलिकॉन कडेने सुटते. लाकडाला तेल दिलेले असेल तर ते मुळात धरतच नाही. इथे लवचिक पट्टीच हवी. मी मोटारीच्या टायरची जुनी ट्यूब उभी चिरून बिजागरीपेक्षा लांब पट्टी काढली. तिची वरची कड भिंतीवरच्या फळीच्या खाली सरकवली, वरून लाकडी पट्टी स्क्रूने आवळली आणि खालची बाजू झाकणावर चार बोटे मोकळी सोडली. वरचा थर नेहमी खालच्या थरावर आला पाहिजे, कौले बसवतात तसा. ट्यूबची कड फळीच्या वरून नुसती चिकटवली तर पाणी तिच्या मागून उतरते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

झाकणाच्या बाहेरच्या कडेलाही एक खोड आहे. पाणी कडेवरून खाली न ठिबकता झाकणाच्या खालच्या अंगाला चिकटून आत सरपटते. त्यावर उपाय सोपा आहे. खालच्या बाजूने, कडेपासून साधारण एक इंच आत, करवतीने कडेला समांतर उथळ खाच मारायची. थेंब तिथे अडतो आणि खाली पडतो. कारखान्यात या खाचेला काही क्षण लागले असते.

बाकीची दुरुस्ती थोडक्यात सांगतो. छपरावरचा डांबरी कागद मी पूर्ण उपटला. जुन्या खुराड्यात लाल माइट, म्हणजे कोंबड्यांवरचे बारीक परजीवी, दडतात ते याच थराखाली. दिवसा ते फटीत लपतात आणि रात्री कोंबड्यांचे रक्त पितात. खुराडे रिकामे असले तरी ते कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे ‘बरेच दिवस वापरात नव्हते’ या आश्वासनाला काही अर्थ नाही. कागदाच्या जागी बिट्युमेनचे नालीदार पत्रे घातले, कडेने चांगले बाहेर काढले. स्टेपलच्या पिना काढून गंज न धरणारे स्क्रू लावले, आणि आधी बारीक भोक पाडले, नाहीतर ही पातळ फळी चिरते. तेल देताना फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जास्त हात दिले, कारण लाकूड पाणी पिते ते तिथून. पाय विटांवर उचलले. पिंजऱ्याची षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण शिकारी प्राण्याला बाहेर ठेवत नाही. तिच्या जागी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घातली.

दोन बाबतींत माझे मत बदलले. वरच्या झरोक्यांतून पाऊस येईल म्हणून ते बुजवावेत, असे मला सुरुवातीला वाटत होते. आता म्हणेन, त्यांना हात लावू नका. कोंबडीच्या विष्ठेत बहुतांश पाणीच असते, त्यात श्वासाची वाफ. हवा कोंडली की ही वाफ छताच्या आतल्या बाजूला थेंब होऊन साचते आणि माणूस गळती शोधत बसतो. वर अमोनिया वेगळाच. झरोके दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर असावेत, बाहेरून छोटी वळचण काढावी, म्हणजे हवा खेळते आणि पाऊसही अडतो. दुसरा तो सरकता ट्रे. मला तो विक्रीपुरता देखावा वाटायचा. रोज सकाळी तो ओढून झटकला की आतली हवा इतकी सुधारते की आता त्याच्याशिवाय खुराडे मी घेणारच नाही.

जाहिरातीत हे सहा कोंबड्यांचे म्हणतात. मध्यम आकाराच्या एका कोंबडीला आत साधारण चार चौरस फूट धरतात. त्या हिशेबाने इथे तीन बसतात.

जुने खुराडे बघायला जाल तेव्हा छपराआधी पेटीचे झाकण उघडा. बिजागरीच्या खालच्या फळीवर काळपट ओघळ दिसले आणि नख रुतले तर लाकूड सडायला लागले आहे, सौदा सोडा. नुसते डाग असून फळी कडक असेल तर भाव पाडून घ्या, ट्यूबच्या पट्टीवर काम निभावते.