गळका, ठोके देणारा गीझर: दुरुस्ती, नवा, गॅस, सोलर की पुन्हा बंब?

कोकणातल्या घरी गीझर गळतोय असं मेकॅनिकला फोनवर सांगितलं की पलीकडून 'टाकी गेली असणार, नवाच घ्या' हे उत्तर ठरलेलं. कधी ते खरंही असतं. पण आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद.

जादा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून फक्त पाणी तापताना टिपकत असेल तर तो बिघाडच नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर गेलं की साधारण २०० मिली फुगतं, आणि येणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न (पाणी मागे न जाऊ देणारा) व्हॉल्व्ह असेल तर त्याला बाहेर पडायला दुसरी वाट नसते. वैतागून तिथे प्लग ठोकणारे लोक आहेत. तसं चुकूनही करू नका. पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट अडकला तर टाकी फुटेल. गीझर गार असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदला. खालच्या झाकणाशी ओल असेल तर गॅसकेट, म्हणजे झाकणाखालचं रबर, गेलं. ही दोन्ही किरकोळ कामं. मात्र पत्र्याच्या सांध्यातून तांबूस पाणी झिरपत असेल तर टाकीच खाल्ली गेलीय. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, त्या आचेने आतलं अस्तर जातं.

आवाजाचंही तसंच. तापताना आत तडतड, गुडगुड होत असेल तर एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, क्षाराचा थर आहे; थराखाली वाफेचे बुडबुडे अडकून फुटतात. नळ पटकन बंद केल्यावर भिंतीत एकच ठोका बसत असेल तर गीझर निर्दोष आहे. ते वाहतं पाणी अचानक अडल्याचं काम. प्रेशर पंप लावल्यानंतर हे हमखास सुरू होतं. पाइपच्या क्लिपा घट्ट करा, पंपाचा दाब कमी करा.

आता दुरुस्ती की नवा? माझ्या मते हे तुमच्या विहिरीवर ठरतं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. थर कमी धरतो, पण धातू झिजतो. खाडीकाठचं मचूळ पाणी त्याहून वाईट, कारण त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक भोकं पाडतं. अशा ठिकाणी काचेरी अस्तराची टाकी बरी. तिच्यातला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. नवा बोटाएवढा जाड असतो. काढून बघाल तेव्हा नुसती तार आणि तिला चिकटलेले पांढरे खडे उरलेले असतात. मचूळ पाण्यात तो वर्षातून एकदा तरी तपासायलाच हवा. टाकी शाबूत असेल तर रॉड, एलिमेंट, गॅसकेट बदलून घ्या, नव्याच्या भानगडीत पडू नका.

गॅस गीझरचं मोठं सुख म्हणजे लाइट गेली तरी सेलवर पेटतो. पण पाण्याची टाकी छपरालगत असेल, पाण्याचा दाब कमी असेल, तर पेटतच नाही. खाऱ्या वाऱ्यात बर्नर गंजतो. पेटताना 'भप्प' आवाज येऊ लागला तर वापर थांबवून माणूस बोलवा. बंद न्हाणीघरात तर तो नकोच. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बाहेर, पडवीच्या भिंतीवर जागा असेल तरच विचार करा.

सोलर ऑक्टोबर ते मे उत्तम. पण जून ते सप्टेंबर, म्हणजे गरम पाणी खरोखर हवं असतं तेव्हा, ढग. विजेचा बॅकअप धरूनच हिशेब करा. कौलारू छपरावर वेगळा स्टँड लागतो, आणि वर माड असेल तर काचेच्या नळ्यांचं काय होणार ते सांगायला नको. गच्चीचं घर, बारमाही वस्ती आणि पाच-सहा माणसं असतील तर मात्र मी सोलरच घेईन.

लाकूडफाट्यावर पाणी तापवणाऱ्या बंबाला हसू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा परसात बंब असलेल्यांची आंघोळ चुकली नाही. जाळायला नारळाची सोडणं, करवंट्या घरच्याच. गळला तर झाळून मिळतो, फक्त झाळणारा आता शोधावा लागतो. रोज पहाटे कामावर पळणाऱ्या घराला मात्र तो परवडणारा नाही, वेळ कोणाकडे आहे?

गणपती-शिमग्यापुरतंच उघडणारं घर असेल तर तीन लिटरचा इन्स्टंट गीझर मोहात पाडतो. त्याआधी सणाच्या संध्याकाळी व्होल्टेज मोजा. २३० ऐवजी १८० मिळत असेल तर ३ किलोवॅटचा एलिमेंट जेमतेम १.८ किलोवॅट देतो आणि नळाला कोमट पाणी येतं. तिथे साधा १० किंवा १५ लिटरचा साठवणीचा गीझर घ्या, हळू का होईना तापतो. मुंबईला परतताना त्याची टाकी रिकामी करा, आणि पुढच्या खेपेला पाणी भरून नळाला धार आल्याशिवाय स्विच लावू नका. कोरडा एलिमेंट लगेच जळतो.