पंचवटीतील लोहारशाळा : विळा उत्तम, मुठीचे काम कच्चे

नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांविषयी पुष्कळ बोलले जाते. लोखंडाच्या कामाकडे मात्र शेतकरी सोडले तर फारसे कोणी वळत नाही. पंचवटीतील ज्या लहानशा लोहारशाळेतून मी यंदा कांदा काढणीच्या आधी विळे आणि एक कोयता घडवून घेतला, तिच्यावर नावाची पाटी नाही, तरीही निफाड-दिंडोरीकडचे लोक पत्ता न विचारता तेथे पोहोचतात.

येथे साध्या लोखंडी पट्टीऐवजी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, पोलाद वापरतात आणि ही निवड योग्य आहे. साध्या मऊ पोलादात कार्बनचे प्रमाण पाव टक्क्याहून कमी असते, त्यामुळे ते तापवून कितीही विझवले तरी धार धरण्याइतके कठीण होत नाही. पाट्याच्या पोलादात ते अर्ध्या टक्क्याच्या थोडे वर असते. परंतु चांगला माल हाती असला म्हणजे हत्यार चांगले होतेच असे नाही. खरी परीक्षा पाणी देण्यात, म्हणजे तापलेले पाते एकदम विझवून कठीण करण्यात असते, आणि या कारागिरांचे कौशल्य तेथेच दिसते. पाते सुमारे ८०० अंशांपर्यंत लाल-नारिंगी तापवून ते पाण्याऐवजी तेलात विझवतात, कारण पाण्यात हे पोलाद एकदम आकसून तडकण्याची भीती असते. विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून ते घासून उजळ करतात आणि पुन्हा मंद आचेवर धरतात. पृष्ठभागावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी आणि पुढे निळा रंग चढत जातो. विळ्यासाठी ते तपकिरी रंगावर थांबतात, तर घाव सोसणाऱ्या कोयत्यासाठी निळसर छटा येऊ देतात. शाळेतील अंधार गबाळेपणामुळे असावा, असे नव्या माणसाला वाटेल. पण भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग नीट ओळखता येत नाही.

विळ्यांबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. कांद्याची पात कापताना मातीचे कण सतत पात्याला घासतात आणि बाजारातील तयार विळा लवकर बोथट होतो. हे विळे अधूनमधून दगडावर फिरवले तरी पुरते. किंमत तयार विळ्याच्या जवळजवळ दुप्पट पडली, ती मला रास्त वाटते.

कोयत्याचे पाते तितकेच चांगले आहे, मूठ मात्र नाही. बाभळीचे लाकूड पुरते वाळलेले नसावे, कारण उन्हाळ्यात ते आकसले आणि पाते हलू लागले. घाव घालण्याच्या हत्याराच्या बाबतीत ही उणीव किरकोळ मानता येत नाही. त्यांनी मूठ विनामूल्य बदलून दिली हे खरे, पण मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी बसवण्याची मागणी मला स्वतःहून करावी लागली; ती पहिल्यापासूनच असायला हवी होती. (मूठ पाण्यात भिजवून घट्ट करण्याचा घरगुती उपाय लाकूड पुन्हा वाळेपर्यंतच टिकतो.)

पावती मिळत नाही आणि सांगितलेली तारीख बहुधा पुढे जाते. डावखुऱ्या माणसाने विळा सांगताना तसे आवर्जून कळवावे, म्हणजे धारेचा उतार त्या बाजूने काढून देतात. काम शक्यतो अक्षय्य तृतीयेपूर्वीच टाकावे. त्यानंतर नांगराचे फाळ आणि वखराच्या पासा (पाती) शेवटून, म्हणजे ठोकून धार लावून घेणाऱ्यांची रांग लागते आणि नवे काम मृगापर्यंत मागे पडते.