बीपी मशीन: दंडाचं की मनगटाचं?

सांगलीत औषधाच्या दुकानात घरी वापरायचं बीपी मशीन मागितलं की दोन प्रकार पुढे येतात. एक दंडाला पट्टा बांधायचं, दुसरं मनगटावर लावायचं. घरात वयस्कर माणूस असेल तर माझं मत सरळ आहे, दंडाचंच घ्या.

मनगटाचं सुटसुटीत असतं, हे खरं. बाही वर सारायला नको, मिरजेला तपासणीला जाताना पिशवीत सहज मावतं. पण मोजताना मनगट हृदयाच्या पातळीवरच हवं. हात मांडीवर ठेवून मोजलं तर आकडा जास्त येतो आणि घरचे उगाच घाबरतात. दंडाच्या मशीनला हात टेबलावर टेकला की पट्टा बहुतेक योग्य उंचीवर येतोच.

दंडाच्या मशीनची खरी अडचण पट्ट्याच्या मापाची. सोबतचा पट्टा बऱ्याचदा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. शेतात राबलेल्या भरदार दंडाला तो लहान पडतो आणि बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. म्हणून दुकानात जाण्याआधी शिलाईच्या टेपने दंडाचा घेर मोजा. मोठा पट्टा वेगळा मिळतो. तोही बसत नसेल, तरच मनगटाचं.

मशीन कुठलंही असो, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, वहीत लिहा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्यावर राहू लागली की वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मनाने कमी-जास्त करू नका.