उभ्या गाडीला ठोकलं: रोख घ्यावी, क्लेम टाकावा की दावा लावावा?

उभ्या गाडीला कुणी ठोकलं की चार रस्ते दिसतात: समोरच्याकडून तिथेच पैसे घेणं, स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम, पोलिस ठाणं आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. पोलिसांचा रस्ता कागद मिळवण्यापुरता आहे, पैसे तिथून येत नाहीत. उरलेल्या तिघांतली निवड दुरुस्तीच्या आकड्यावर करावी. कोपऱ्यावर जमलेल्या मंडळींचे सल्ले ऐकून घ्यावेत आणि सोडून द्यावेत.

निवडीच्या आधीचं काम मात्र सगळ्यांना सारखंच. ठोकणाऱ्या गाडीचा नंबर नसेल तर तीनपैकी दोन दारं बंद. दोन्ही गाड्या हलवायच्या आत, शक्यतो दोन्ही नंबर प्लेट एकाच फोटोत येतील असे फोटो काढा. ठोकून पळाला असेल तर समोरच्या दुकानाचा किंवा सोसायटीचा कॅमेरा त्याच दिवशी गाठा, कारण जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढत जातं. नाशिकमध्ये मेन रोड, सराफ बाजार, कॉलेज रोड इथे कॅमेऱ्यांची वानवा नाही. दुकानदार द्यायला कचरत असेल तर निदान मोबाइलवर पडद्याचं शूटिंग करू द्या म्हणावं. नंबर मिळाला की एमपरिवहन अ‍ॅपवर त्या गाडीचा विमा चालू आहे का, ते बघता येतं.

आता रोख. आरसा, टेल लॅम्प, दारावरची चीर, एवढ्यावर निभावलं असेल तर माझं मत सरळ आहे: पैसे घ्या आणि विषय संपवा. अडचण आकड्याची असते. समोरचा म्हणतो, "माझा माणूस दोन हजारांत करून देतो." वडाळा नाक्याकडच्या डेंटर-पेंटरचा भाव आणि शोरूमचं एस्टिमेट यांत बराच फरक असतो, आणि दोघांना आपापला सोयीचा आकडा खरा वाटतो. फोटो पाठवून स्वतःच्या गॅरेजवाल्याकडून तिथल्या तिथे अंदाज मागवा, रक्कम यूपीआयने घ्या, लायसन्स आणि आरसीचा फोटो ठेवा. बंपर दबलेला असेल तर घाई नको. आतली ब्रॅकेट, सेन्सर, क्लिपा यांचं खरं रूप बंपर उतरवल्यावरच कळतं. अशा वेळी घेतलेल्या पैशाला "आगाऊ" म्हणावं. "पूर्ण भरपाई मिळाली, तक्रार नाही" असं लिहून दिलंत तर पुढचा खर्च तुमचा.

क्लेमचं गणित बहुतेक जण करतच नाहीत. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी, म्हणजे बोलीभाषेतली फर्स्ट पार्टी, असेल तरच हा रस्ता आहे. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा, विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे "माझा विमा आहे" म्हणणाऱ्या कितीतरी दुचाकीवाल्यांचा स्वतःच्या नुकसानीचा भाग पहिल्याच वर्षी संपलेला असतो.

समजा बंपर 6,000, रंग 4,000, मजुरी 1,500, असे 11,500 झाले (जीएसटी सोडून). प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची वजावट), म्हणजे 3,000 तुमचे. रंगाच्या खर्चातला चौथा हिस्सा मटेरियलचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 500. शिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या कारला 1,000 रुपये सक्तीची कपात. कंपनी देणार 7,000. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, असेल तर घसारा सुटतो, ही कपात सुटत नाही.

आणि बदल्यात काय जातं? नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत. तो पहिल्या वर्षानंतर 20, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के असा चढतो. पन्नासवर पोचलेल्या माणसाने एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा तीच शिडी. पुढच्या पाच नूतनीकरणांत गमावलेली सवलत बेरजेने ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमच्या सव्वापट होते. हा मूळ प्रीमियम 9,000 धरला तर 11,250. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. तरी सात हजार घेण्यासाठी एवढं घालवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बोनस अजून 20 टक्क्यांवरच असेल किंवा क्लेम घेऊनही बोनस टिकवणारं एनसीबी प्रोटेक्ट घेतलं असेल, तर मात्र क्लेम लगेच परवडतो. नुकसान तीस-चाळीस हजारांवर गेलं तरीही. कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेयर बघून जाईपर्यंत गाडी खोलू देऊ नका.

तिसरा रस्ता लोकांना अर्धवट माहीत असतो. "त्याच्या इन्शुरन्समधून घेऊ" असं म्हणणं सोपं आहे, पण त्याची कंपनी तुमच्या हातात थेट चेक सहसा देत नाही. मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही मोटार अपघात न्यायाधिकरणात लागतो. अर्जाला कायद्याने घटनेपासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. गाडी पुण्यात किंवा ठाण्यात ठोकली गेली असली तरी तुम्ही राहता नाशिकला, म्हणून अर्ज इथेच, सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात करता येतो. थर्ड पार्टी पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा कारला साडेसात लाख, दुचाकीला एक लाख. काही मालक प्रीमियम वाचवायला ती 6,000 वर आणतात. तसं असेल, किंवा विमाच नसेल, तर वरची रक्कम मालकाच्या खिशातून. स्वतःच्या कंपनीकडून घेतलेली रक्कम पुन्हा मागता येत नाही, पण घसारा आणि कपात मागता येते.

वकिलाची फी आणि तारखा धरल्या तर दहा-पंधरा हजारांसाठी मी कुणाला या वाटेला लावणार नाही. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांवरच्या डंपरने अख्खी बाजू खरवडून नेली, ड्रायव्हर "शेठशी बोला" म्हणतो आणि शेठ फोन उचलत नाही, तेव्हा हाच रस्ता.

त्यासाठी पोलिसांचा कागद हवा. नुकसान करणाऱ्या चालकाने, पोलिस हजर नसतील तर, चोवीस तासांत जवळच्या ठाण्यात कळवायचं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्येच आहे. "कुणी जखमी नाही ना, मग मिटवा" असं तुम्हाला ठाण्यात ऐकावं लागेल. तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुद्दाम किल्लीने रेघोट्या ओढल्या असतील तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली जातं. तो अपघात नव्हे, त्यामुळे अपघात न्यायाधिकरणाच्या भरवशावर राहू नका.

ठोकणारा सापडलाच नाही तर उरते तुमची पॉलिसी किंवा तुमचा खिसा. काही जण वर्षभराचे ओरखडे साठवून एकाच क्लेममध्ये बसवायला बघतात. सर्व्हेयर जुने आणि नवे घाव वेगळे ओळखतो, आणि प्रत्येक वेगळ्या घटनेला वेगळा क्लेम आणि वेगळी कपात लागते.